कूस बदलताच फिरणारं घर

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री कूस बदलली आणि अख्खं घर गरकन फिरलं, असं तुमच्यापैकी काहींना झालं असेल. अर्ध्या-एक मिनिटात फिरणं थांबतं, पण भीती बसते ती बसतेच. माणूस मान हलवायला धजत नाही. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धगोल नळीत शिरले की हे होतं. डोकं हललं की नळीतला द्रव ढवळतो आणि मेंदू समजतो, आपण फिरतोय.

अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एपली यांनी यावर गोळी शोधली नाही, युक्ती शोधली. रुग्णाला बसवून डोकं बिघडलेल्या कानाकडे ४५ अंश वळवायचं. तसंच पटकन आडवं करून डोकं कॉटच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवायचं आणि थांबायचं. मग डोकं दुसऱ्या बाजूला, पाठोपाठ सगळं अंग कुशीवर, नाक जमिनीकडे. शेवटी उठवून बसवायचं. कण घरंगळत आपल्या मूळ जागी परत! १९९२ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याआधी कित्येक वर्षं सहकाऱ्यांचा यावर विश्वासच बसत नव्हता.

त्या शंकेला कारण होतं. ही चक्कर बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप जाते. मग गुण युक्तीचा की काळाचा? हे ठरवायला तुलना हवी, आणि इथे संशोधकांनी जे केलं ते मला फार आवडतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. काही चाचण्यांत एका गटाला खरी युक्ती, तर दुसऱ्याला तीच युक्ती, पण चांगल्या कानाच्या बाजूने. तेच वळणं, तेच झोपणं, फक्त कण हलणार नाहीत. नंतर रुग्णाला पुन्हा आडवं करून डोळे पाहायचे. कण नळीत असतील तर बुबुळं थरथरतात, आणि ती थरथर कुणाच्या भिडेखातर थांबत नाही. खरी युक्ती मिळालेले स्पष्टपणे जास्त संख्येने बरे झाले.

दुसरं उदाहरण बेल्स पाल्सीचं, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याचं. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं, एक डोळा मिटत नाही. चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातून जाते, म्हणून हे रुग्ण आम्हा कानाच्या डॉक्टरांकडेही येतात. स्कॉटलंडमध्ये अशा ५५१ जणांना लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांच्या आत चाचणीत घेतलं. निकाल २००७ साली आला. नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ९४ टक्क्यांहून जास्त पूर्ण बरे होते. न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के. विषाणूविरोधी ॲसायक्लोव्हिरचा मात्र उपयोग दिसला नाही.

म्हणजे औषधाविनाही बहुतेक जण बरे होतातच. नुसत्या अनुभवाने हा फरक कुठल्याच डॉक्टरच्या लक्षात आला नसता. काही जणांनी औषध नसलेली गोळी मिळण्याची शक्यता माहीत असून सही केली, म्हणून तो कळला. त्या सहीबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. चाचणीत येणाऱ्याला ही शक्यता आधीच, साध्या शब्दांत सांगायलाच हवी, आणि मधेच 'नको' म्हणायची मुभाही हवी.

चेहरा एका बाजूने वाकडा झाला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत हातापायातला जोर गेला किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा सरळ मोठ्या रुग्णालयात, लगेच.