बंद पडलेल्या गाडीला लगेच सेल्फ मारू नका

मंडळी, आज एकाच तक्रारीवर बोलणार आहे. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "भाऊ, गाडी चालता चालता बंद पडी जास." आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: पंधरा-वीस मिनिटं थांबलं की आपोआप सुरू होते. गाडी तुमच्या गॅरेजच्या दारात येते तेव्हा ती चालतच आलेली असते. तुम्ही बॉनेट उघडता, प्लग काढून बघता, स्कॅनर लावता, सगळं ठीक. मग अंदाजपंचे पार्ट बदलणं सुरू होतं. आधी प्लग, मग फिल्टर, मग कॉइल, शेवटी पंप. गिऱ्हाईक तीनदा पैसे देतं आणि चौथ्यांदा पारोळ्याच्या अलीकडे उभं राहतं.

दोष असतो तो फक्त त्या पंधरा मिनिटांत. तपासायचं असेल तर तेव्हाच. म्हणून गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवा: बंद पडली की गाडी कडेला घे, चारी इंडिकेटर लाव, आणि लगेच सेल्फ मारत बसू नको. ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात, तेही सांगा. घाबरून लोक चावी पार बंद करतात, आणि गाडी पळत असताना स्टेअरिंग लॉक झालं तर मोठं संकट.

आता बंद कशी पडली ते विचारा. झटके खात, दम तोडत गेली असेल तर पेट्रोलकडे बघा. चढावर, रेस दिल्यावर दम तोडते आणि सपाटीला बरी चालते, तर फिल्टर किंवा पंपाचं प्रेशर. कधी टाकीच्या झाकणाची हवाच बंद झालेली असते. झाकण उघडल्यावर फुस्स झालं आणि गाडी चालू लागली तर तिथेच काम संपलं. फक्त जळगावच्या अजिंठा चौफुलीवर सिग्नलला, क्लच दाबल्यावर बंद पडत असेल तर थ्रॉटलला (हवा आत सोडणाऱ्या झडपेला) कार्बन, आयडलिंगचा व्हॉल्व्ह, नाहीतर कुठेतरी सुटलेला व्हॅक्यूमचा पाइप. डॅशबोर्डसकट सगळंच विझलं तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज, चावीचा स्विच. घराच्या, शेताच्या, गोडाऊनच्या किल्ल्यांचा जुडगा त्या चावीला लटकवून स्विच ढिला करणारे आपल्याकडे कमी नाहीत.

पण दिवा विझवल्यासारखं, एका क्षणात, झटका न देता इंजिन गेलं असेल आणि डॅशबोर्ड जागा असेल, तर पेट्रोलला दोष देण्याची घाई करू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी बंद पडली की "पेट्रोल उडालं" म्हणायची सवय आहे. कार्बोरेटरच्या काळात ते खरं होतं. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चा पंप इंजिनावरच बसवलेला असे, भुसावळच्या मे महिन्यात त्यातलं पेट्रोल उकळे, आणि लोक पंपावर ओलं फडकं टाकत. गाडी चालूही व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप टाकीत असतो, लाइनमध्ये साधारण तीन बार प्रेशर असतं, त्यात पेट्रोल असं सहजी उकळत नाही. फडकं टाकेपर्यंत जो वेळ जातो त्यात गाडी थंड होते आणि श्रेय फडक्याला मिळतं.

आज ऊन लागतं ते क्रँक सेन्सरला, म्हणजे इंजिन फिरतंय की नाही हे कळवणाऱ्या सेन्सरला. दोन वायरच्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. तार कुठे तडकली असेल तर तापल्यावर ती दोन टोकं सुटतात, निवल्यावर पुन्हा टेकतात. गाडी पुन्हा चालू होते ती यामुळे. सेन्सर खोलून टेबलावर घ्या, मल्टिमीटरवर रेझिस्टन्स (तारेचा विरोध) मोजा, रीडिंग बरोबर येईल. आता हेअर ड्रायरने हळूहळू तापवा. आकडा सरकत सरकत वर जाईल, तेवढं चालतं. पण एकदम उडून ओपन, म्हणजे तार तुटलेली, दाखवला की सेन्सर गेला. तीन वायरच्या सेन्सरला ही चाचणी लागू नाही, त्याला सिग्नलच बघावा लागतो.

यात एक फसवी गोष्ट आहे, आणि तिच्यापायी खानदेशात कितीतरी चांगले पंप भंगारात गेले असतील. क्रँकचा सिग्नल गेला की ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन थांबलंय. मग तो स्पार्क बंद करतो, इंजेक्टर बंद करतो आणि पंपही बंद करतो. फिटर लाइन सोडून बघतो, सेल्फ मारतो, पेट्रोल येत नाही, आणि सांगून मोकळा होतो: पंप गेला. त्यापेक्षा चावी ऑन करा आणि मागच्या सीटपाशी कान द्या. दोन सेकंद घुंई असा आवाज आला म्हणजे पंप, त्याचा रिले (त्याला करंट देणारा स्विच), त्याची अर्थची वायर ठीक आहेत. मग सेल्फ मारताना पंपाच्या कनेक्टरवर टेस्टर लाइट लावा. पेटत नसेल तर आधी सेन्सरकडे जा. आरपीएमचा काटा असेल तर तोही बघा: सेल्फ फिरतोय आणि काटा जराही हलत नाही, तर संशय आणखी पक्का. काटा नसेल तर स्कॅनरवर आरपीएम वाचा.

चावी ऑन करूनही आवाज नसेल, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा चेक लाइटही पेटत नसेल, तर ईसीएमलाच करंट नाही. मेन रिले बघा. आतला सोल्डरचा डाग तडकला की रिलेही तापल्यावर असाच दगा देतो. फॅनचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा.

रावेर-यावलकडची, केळीच्या बागेत उभी राहणारी गाडी असेल तर वायरिंगवर उंदराचे दात शोधा. गॅस किट बसवलेलं असेल तर किटवाल्याने कापून टेप गुंडाळलेले जॉइंट आधी उघडा; निम्म्या वेळी मला तिथेच सापडतं.

काम झाल्यावर ट्रायल सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी दोन वाजता, एसी लावून, ज्या रस्त्यावर बंद पडत होती त्याच रस्त्यावर घ्या. चाळीसगावचं गिऱ्हाईक असेल आणि गाडी कन्नड घाटात थांबत असेल तर घाट चढून या, वर पंधरा मिनिटं इंजिन चालूच ठेवा, मल्टिमीटर सोबत असू द्या. बिल त्यानंतर करा.