पहिलटकरणींनो, पंप नंतर घ्या, आधी बाळाला छातीला लावायला शिका

नमस्कार मैत्रिणींनो! ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे जागतिक स्तनपान सप्ताह, आत्ताच झाला आणि तुमच्या प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. "ताई, आठवा लागलाय, अंगावर पाजायची तयारी काय करू?" आणि लगेच खाली, "पंप कोणता घेऊ?" अगं, बाळ अजून पोटात आहे! आणि कार्टमध्ये दूध काढायचा पंप, बाटल्या, बाटल्या उकळायचं मशीन, निप्पल शील्ड, सगळं येऊन पडलंय. बहुतेकींना यातलं आत्ता काहीही लागत नाही.

जे तुम्हाला माहीत असतंच ते पटापट सांगून टाकते. जन्मल्यावर पहिल्या तासात छातीला लावायचं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, मे महिन्यात जळगावात असलात तरी नाही. त्यानंतर वरचं अन्न आणि सोबत अंगावरचं, दोन वर्षं किंवा पुढेही. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, अगदी थोडा. तो टाकायचा नाही. बाळाचं पोट तेव्हा एवढुसं असतं, त्याला तेवढाच लागतो. छाती लहान असल्याने दूध कमी येत नाही. गरोदरपणात चीक गळतोय, ठीक. नाही गळत, तेही ठीक. टॉवेलने घासून निप्पल "तयार" करायची नाहीत, सांगणारं कोणीही असो. थायरॉइड, पीसीओएस, छातीचं जुनं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरांच्या कानावर आत्ताच घाला. झालं.

आता मुख्य काम. लॅच. बाळ छाती तोंडात कशी धरतं ते. माझं ऐका, नववा लागायच्या आत तुम्ही एवढी एकच गोष्ट शिकलात तरी अर्धं टेन्शन कमी.

(कापडी बाहुली आणि मोजा दाखवत) ही बाहुली, आणि हा माझ्या मुलाचा जुना मोजा, आत कापूस भरलाय. हे बटण म्हणजे निप्पल आणि भोवती स्केचपेनने रंगवलाय तो काळा गोल. हसू नका, खरं दाखवलं की व्हिडिओ टिकेल याचा भरवसा नाही.

डाव्या बाजूला पाजायचंय? मग बाळ उजव्या हातावर. हो, उलट्या हातावर. "ताई, उलटं वाटतं" अशी कॉमेंट प्रत्येक वेळी येते. वाटू दे. उजव्या हाताने मानेचा खालचा भाग आणि खांदे धरायचे, डोक्यामागून दाबायचं नाही. डोकं दाबलं की बाळ मागे झटका देतं आणि सगळे म्हणतात, "बाळ छाती घेतच नाही." बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं. डावा हात छातीखाली, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. आता बटणासमोर बाळाचं काय आलं पाहिजे? तोंड नाही. नाक! नाकासमोर निप्पल. मग बाळ मान किंचित मागे टाकतं, मोठ्ठा आ करतं, जांभई देतं तेवढा, आणि त्याच क्षणी खांद्यापासून बाळाला छातीवर आणायचं, हनुवटी आधी टेकवून. तुम्ही वाकायचं नाही. बाळ येतं छातीकडे, छाती जात नाही बाळाकडे.

नीट बसलं की दिसतं काय? हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, आणि काळा गोल वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतोय, खाली कमी. म्हणजे बाळाने नुसतं निप्पल नाही, खालचा काळा भाग तोंडात घेतलाय. निप्पल नाही, काळा भाग. टॅटू करून घ्या हवं तर.

एकीने विचारलं होतं, छाती बोटांनी दाबायची कशाला? वडापाव आठवा. जाड वडापाव खाताना तुम्ही तो दाबता, पण ओठांच्या रेषेत दाबता, उभा धरून तोंडात कोंबत नाही. बाळ कुशीवर आडवं आहे, म्हणजे त्याचे ओठ उभे आहेत. म्हणून दोन्ही बाजूंनी दाबायचं, वरखाली नाही. बोटं मात्र काळ्या गोलापासून लांब, नाहीतर बाळाला जागाच उरत नाही.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते. "सुरुवातीला दुखतंच गं, सहन करायचं." हे वाक्य मला ऐकवतच नाही. लावल्यावर पहिले काही क्षण ओढ जाणवते, हे मान्य. पण पूर्ण वेळ दुखतंय, भेगा पडतायत, रक्त येतंय, बाळाने सोडल्यावर निप्पल एका बाजूला तिरकं चेपलेलं दिसतंय, तर बाळ निप्पल चावतंय. काळा भाग त्याच्या तोंडात गेलेलाच नाही. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सोडवा, पुन्हा लावा. हवं तितक्या वेळा पुन्हा लावा. दात-ओठ खाऊन बसून राहणं म्हणजे आईपण नाही.

आणि तिसरी बाजू, "दूध पुरत नाही." मी प्रसूती वॉर्डात नर्स होते. दुसऱ्या रात्री हमखास हा गोंधळ. एकदा एका मुलीच्या कॉटभोवती आई, सासू, आत्या, मावशी, बाळ रडून लाल, आणि आत्याबाईंच्या हातात मधाची बाटली. मध एक वर्षाच्या आत बाळाला चाटवायचाच नाही, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकते, आणि घुटी-साखरपाणी हेही नकोच. तर मी आधी सगळ्यांना चहाला पाठवलं. मुलगी एवढी वाकलेली की पाठीची कमान झालेली. तिला मागे टेकवलं, बाळ खाली सरकवलं, नाक निप्पलसमोर. दोन-तीनदा चुकलं. मग बाळाने मोठा आ केला, आणि थोड्या वेळाने तो आवाज आला. दोन-चार वेळा चोखणं, एक बारीक "क्," परत चोखणं, "क्." गिळतंय! तिच्या चेहऱ्यावर विश्वासच बसत नव्हता. चीक आधीपासून होताच. बाळ वरवर धरत होतं, म्हणून तो निघत नव्हता. आणि दूध निघालं नाही की शरीराला पुढचं बनवायची ऑर्डरच मिळत नाही. म्हणजे परत तेच. निप्पल नाही, काळा भाग.

म्हणून "दूध वाढायला कोणते लाडू खाऊ?" या कॉमेंट्सना उत्तर. डिंकाचे करा, अळिवाचे करा, बाळंतिणीला भूक प्रचंड लागते, चांगलं खायलाच हवं. पण दूध लाडवाने वाढत नाही, वारंवार आणि नीट पाजल्याने वाढतं. आमच्याकडे माझ्या आईने डबे भरून ठेवले होते आणि ते खाऊन सगळ्यात जास्त वजन माझ्या नवऱ्याचं वाढलं.

बाळाला मिळतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओल्या लंगोटी, आणि शी काळ्यावरून हिरवट, मग पिवळी. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. बाळ दुधासाठी उठतच नाही, लघवी कमी, अंग पिवळं दिसतंय, किंवा तुम्हाला ताप आणि छातीत लाल गरम गाठ, तर व्हिडिओ बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

थोडं चिडून बोलते. मला डब्याच्या दुधासाठी कोलॅबचे मेल येतात. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात कोणीच करायची नाही, फुकट सॅम्पल वाटायचं नाही. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दूध दिलं तर खुशाल द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण "मॉम्सचा फेव्हरेट" म्हणून डबा हातात धरून नाचणाऱ्या रील्सना तुम्ही लाइक करता, त्याचा मला राग येतो.

"बाळ एनआयसीयूत गेलं तर?", म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असं एकीने विचारलंय. तेव्हा हाताने दूध काढून देता येतं, म्हणून ते काढणं नर्सकडून शिकून घ्या. ३६ आठवड्यांच्या आधी मात्र करून बघू नका, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच. काही ठिकाणी मिल्क बँकही असते, दुसऱ्या आयांनी दान केलेल्या दुधाची. आशियातली पहिली आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलात, १९८९ मध्ये डॉ. अर्मिदा फर्नांडिस यांनी सुरू केली.

एक नवरोबा विचारतायत, "मी काय करू?" सिझर झालं असेल तर बाळ काखेत धरून किंवा कुशीवर झोपून पाजता येतं, बाळ उचलून तिच्या हातात द्या, उशा लावा, पाण्याची बाटली भरा, ढेकर काढा. भेटायला येणाऱ्यांना दारातच थांबवा, आणि दवाखान्यात आधीच सांगून ठेवा की बाळ जन्मल्यावर आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि आम्हाला विचारल्याशिवाय वरचं काही देऊ नका. हे तुम्हीच बोला, तिला त्या वेळी सुचणार नाही.

ऑफिसवाल्या मुलींनो, पंपाचा व्हिडिओ वेगळा करते. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा आहे, त्यामुळे घाई नाही. कितव्या महिन्यात रुजू होणार ते खाली लिहा, आणि ऑफिसात दार लागणारी एखादी खोली आहे का तेही.