विसरलेल्या पियानो एट्यूड शोधायच्या कशा?

नमस्कार मंडळी!

1836 सालची गोष्ट. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान तेव्हा लाइपझिगमध्ये स्वतःचं संगीत नियतकालिक चालवत होता. त्यात त्याने पियानोच्या एट्यूडची, म्हणजे सरावाच्या तुकड्यांची, एक यादी छापली, आणि ती लावली कामाप्रमाणे. ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन सूर भराभर आलटून पालटून वाजवणं, सुधारायचंय? या रचना बघा. ऑक्टेव्ह, म्हणजे एक सूर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर एकत्र वाजवणं, जमत नाही? मग या. त्या यादीत शोपाँ आहे, मोशेलेस आहे, आणि त्यांच्याच रांगेत केसलर, सिप्रियानी पॉटर, मारिया शिमानोव्हस्का अशी मंडळी बसलीयत. आज केसलर कोण म्हणून विचारलं, तर पियानो शिकवणारेही डोकं खाजवतील. गंमत म्हणजे शोपाँच्या प्रसिद्ध 24 प्रील्यूड्सची, म्हणजे छोट्या पियानो रचनांची, जर्मन आवृत्ती याच केसलरला अर्पण केलेली आहे!

नव्या प्रेक्षकांसाठी पटकन सांगतो. आपल्याकडे पलटे घोटतात ना, तसा एकच अवघड प्रकार हातात बसावा म्हणून लिहिलेला तुकडा म्हणजे एट्यूड. रोमँटिक काळात, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकात, हे तुकडे सरावाच्या खोलीतून बाहेर पडून मैफलीत पोचले. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या पियानो परीक्षा दिलेल्यांना चेर्नी, बुर्गम्युलर, हेलर ही नावं माहीत असतात. आपल्याला आज त्यांच्या पलीकडे जायचंय.

तर, या रचना हरवलेल्या नाहीत. त्या छापल्या गेल्या, विकल्या गेल्या, ग्रंथालयांत जमा झाल्या, आणि आता बऱ्याचशा स्कॅन होऊन इंटरनेटवर पडल्यात. फक्त कुठल्या नावाखाली पडल्यात ते कळत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की संगीतकाराच्या मागे लागण्याआधी प्रकाशकाच्या मागे लागा.

का, ते बघा. 1886 चा बर्न करार होईपर्यंत एका देशातला छपाईचा हक्क (कॉपीराइट) दुसऱ्या देशात आपोआप चालत नसे. पॅरिसमध्ये छापलेली रचना लाइपझिगमधला कुणीही उचलून खुशाल विकायचा. यावर उपाय म्हणून संगीतकार एकच रचना पॅरिस, लंडन आणि जर्मनीतल्या एखाद्या शहरात साधारण एकाच वेळी, तीन वेगळ्या प्रकाशकांना विकायचे. आपल्या दृष्टीने ही चांदी आहे. पॅरिसची प्रत सापडत नाहीये? मुखपृष्ठाच्या तळाशी बघा, बाकीच्या दोन शहरांतल्या प्रकाशकांची नावं तिथे बऱ्याचदा दिलेली असतात. तीच रचना म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात किंवा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत निघू शकते. मात्र तिथे नाव बदललेलं असणार. फ्रेंचमध्ये ‘एत्यूद’, जर्मनमध्ये ‘एट्यूडेन’, इंग्रजांकडे ‘स्टडीज’, आणि कधी कधी सरळ ‘काप्रीस’. फ्रेंच पियानोवादक आणि संगीतकार अल्काँने 1837 च्या सुमारास छापलेल्या रचना ‘काप्रीस’ म्हणून आहेत. नुसता ‘एट्यूड’ शब्द टाकून शोधलंत तर त्या सापडायच्याच नाहीत.

(स्क्रीनवर: जुन्या स्वरलिपीच्या पानाचा खालचा भाग, मोठा करून)

आता हा आकडा बघा. पानाच्या तळाशी मधोमध. याला प्लेट नंबर म्हणतात. तेव्हा स्वरलिपी धातूच्या पत्र्यावर कोरून छापत, आणि शेकडो पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर प्रकाशकाचा क्रमांक टाकत. छापल्याचं साल मात्र सहसा टाकत नसत. माल जुना दिसला तर घेणार कोण? हे क्रमांक बहुतेक क्रमाने वाढत जातात. त्यामुळे शेजारच्या क्रमांकाच्या एखाद्या रचनेचं साल ठाऊक असेल, तर आपल्या रचनेचंही साधारण साल निघतं. आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या संकेतस्थळावर प्रकाशकांनुसार अशा क्रमांकांचे तक्तेच आहेत. मुखपृष्ठावरचा दुकानाचा पत्ताही बघत जा, कारण प्रकाशकाने जागा बदलली की पत्ता बदलतो. आणि जर्मन बाजारासाठी लाइपझिगच्या हॉफमाइस्टरचं मासिक सूचिपत्र आहे, 1829 पासूनचं. त्या महिन्यात नवीन काय छापून आलं याची ती यादी, आणि आता ती ऑनलाइन शोधता येते. शुमानचं नियतकालिकही स्कॅन झालंय, पण ते फ्राक्टूर या जुन्या जर्मन वळणात छापलेलं. संगणक ती अक्षरं बऱ्याचदा चुकीची वाचतो. तिथे शोधपेटीवर विसंबू नका, पानं डोळ्यांनी चाळा. कंटाळवाणं आहे, मान्य. मला आवडतं!

ओपस क्रमांकावर, म्हणजे संगीतकाराच्या रचनांना दिलेल्या अनुक्रमांकावर, तर मुळीच भरवसा ठेवू नका. शार्ल-व्हॅलेंतीं अल्काँच्या तीन मोठ्या एट्यूड आहेत, ओपस 76. आकडा बघून वाटतं, म्हातारपणी लिहिल्या असतील. प्रत्यक्षात त्या 1840 च्या आसपासच्या. पहिल्यांदा छापल्या तेव्हा त्यांना ओपस क्रमांकच नव्हता, 76 नंतर चिकटला. पहिली एकट्या डाव्या हातासाठी, दुसरी एकट्या उजव्यासाठी, आणि तिसऱ्या रचनेत दोन्ही हात तेच सूर वेगवेगळ्या सप्तकांत, न थांबता, सुसाट वेगाने वाजवत सुटतात. लपायला जागाच नाही. एक बोट घसरलं की मागच्या रांगेतल्यालाही कळतं.

अल्काँचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा एक धागा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं, तेव्हा इंग्लंडमध्ये त्याच्या बाजूने हिरिरीने लिहिणाऱ्या मोजक्या लोकांत संगीतकार कैखुश्रू शापुरजी सोराबजी होता. त्याचे वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर. सोराबजीने पुढे स्वतः शंभर एट्यूड लिहिल्या. तो वेगळा व्हिडिओ होईल.

शोधाची आणखी एक रीत मला फार उपयोगी वाटते. प्रसिद्ध रचनेचे शेजारी शोधायचे. शोपाँच्या ‘तीन नव्या एट्यूड’ सगळे वाजवतात. पण त्या लिहिल्या गेल्या फेतीस आणि मोशेलेस यांनी संपादित केलेल्या एका पियानो शिक्षणाच्या पुस्तकासाठी, जे 1840 मध्ये निघालं. त्याच पुस्तकात लिस्ट, मेंडेलसोन, थालबर्ग, हेन्सेल्ट, हेलर आहेत. आणि ड्योलर, टाउबर्ट, रोझेनहाइन, वोल्फसुद्धा. शोपाँचे तीन तुकडे सुटे होऊन जगभर गेले. बाकीचे बरेचसे तिथेच राहिले.

नुसत्या गुणवत्तेने रचना टिकतात हे मला पटत नाही, आणि त्याला कारण फ्रेंच संगीतकार लुईझ फारांक. पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, 1842 पासून तब्बल तीस वर्षं पियानोची प्राध्यापक. पुरुष सहकाऱ्यांइतका पगार तिला 1850 मध्ये, झगडून मिळाला. तिच्या ओपस 26 मध्ये सगळ्या मेजर आणि मायनर स्केल्समधल्या तीस एट्यूड आहेत, आणि 1845 मध्ये त्या कॉन्झर्व्हेटरीच्या अभ्यासक्रमात लागल्या होत्या. अभ्यासक्रमात लागलेलं पुस्तकही विस्मरणात गेलं! माझा अंदाज असा, की एट्यूड शिक्षकाबरोबर जगते. शिक्षक गेला की पुढचा स्वतःची पुस्तकं घेऊन येतो.

कॉपीराइटच्या हक्कांबद्दल थोडं. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, युरोपात सत्तर. अल्काँ 1888 मध्ये गेला, त्यामुळे मूळ रचना केव्हाच मोकळी झाली. पण कोस्टाला या प्रकाशकाने काढलेल्या त्याच्या जुन्या आवृत्तीचे संपादक दोन. दलाबोर्द 1913 मध्ये गेला, इझिडोर फिलिप 1958 मध्ये. फिलिपच्या संपादनावर हक्क आहे असं धरलं, तर युरोपात तो 2028 अखेरपर्यंत चालेल. आपल्याकडे 2018 अखेरीलाच संपला. मात्र अलीकडे नव्याने संपादित केलेल्या आवृत्तीची झेरॉक्स मारू नका.

सुरुवात करायची असेल तर हेन्सेल्टपासून करू नका. त्याच्या ओपस 2 मधली ‘मी पक्षी असतो तर’ ऐकायला अप्रतिम, पण त्याच्या एट्यूडना हाताची पसर एवढी लागते की लहान हात दुखून येतो. फारांकच्या तीस घ्या. आयएमएसएलपीवर ओपस 26 काढा, आधी पानाच्या तळाचा आकडा वहीत लिहा, आणि मग पियानोवर बसा.