देवचाफा लावताना

नमस्कार श्रोतेहो. फाल्गुन सरत आलाय, उन्हं चढू लागलीत. अशा दिवसांत कधी देवळापाशी गेलात तर तिथल्या चाफ्यापाशी जरा थांबा. पान औषधाला नाही. नुसत्या जाड, गाठाळ, राखाडी फांद्या, आणि तरी टोकाटोकांवर कळ्यांचे घोस. एखादं फूल उमललेलं असेल तर हातात घेऊन बघा. पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या खाली सरकलेली, बाहेर पांढरी आणि आत गळ्याशी हळदीसारखी पिवळी. कुणी याला देवचाफा म्हणतं, कुणी खुरचाफा, कुणी नुसताच चाफा. सोनचाफा आणि कवठी चाफा वेगळ्या कुळातले. त्यांचा विषय आज नाही.

देवाच्या दारी इतका रुळलेला हा चाफा मूळचा मात्र लांबचा. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं हे त्याचं माहेर. निकाराग्वाचं ते राष्ट्रीय फूल आहे. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं प्लुमेरिया. माहेरी तो वाढतो कोरड्या, खडकाळ उतारांवर, जिथे कित्येक महिने पाऊस नसतो. त्या दिवसांची बेगमी तो आपल्या मांसल खोडात करून ठेवतो. एवढं ध्यानात ठेवलंत तर लागवडीतल्या निम्म्या चुका टळतील, कारण घरोघरी चाफा मरतो तो पाण्याच्या अतिरेकानं.

रोप बियांपासून करायच्या फंदात पडू नका. शेंगाच क्वचित धरतात, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. अंधार पडला की फुलांचा वास वाढतो. लांब सोंडेचे पतंग मधाच्या आशेनं येतात. पण या फुलात मध नसतोच! बिचारे या फुलातून त्या फुलात सोंड घालून बघतात आणि उपाशीच परततात. तेवढ्यात झालं तर परागीभवन होतं. सरळसरळ फसवणूक. शिवाय बियांच्या झाडाला आईसारखंच फूल येईल याची खात्री नाही.

तेव्हा फांदीच लावायची, आणि त्यासाठी हेच दिवस चांगले. अंगठ्याएवढी जाड, फूट-दीड फूट लांब, राखाडी पडलेली जून फांदी निवडा. हिरवी कोवळी नको. धारदार कोयत्यानं एका घावात कापा. कापताक्षणी पांढरा चीक टपटपतो. तो कातडीला खाजरा आणि डोळ्याला वाईट, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि हात लगेच धुवा. मग ही फांदी आठ-पंधरा दिवस सावलीत नुसती उभी करून ठेवा. लावायची घाई अजिबात नको. कापलेलं टोक वाळून टणक झालं की मगच मातीत, चार बोटं खोल. माती, भरड वाळू आणि थोडं जुनं शेणखत पुरे. डुलू नये म्हणून काठीचा आधार द्या, एकदा पाणी घाला आणि नवी पानं दिसेपर्यंत हात आखडता घ्या. मुळं धरायला दीड-दोन महिने जातात.

जमीन कोकणातल्या जांभ्याची असेल तर काळजी नाही, पाणी आपोआप निथळतं. देशावरच्या काळ्या मातीत मात्र मुरूम मिसळून उंचवटा करा आणि त्यावर लावा. गच्चीतल्या कुंडीला खालची भोकं मोठी हवीत, आणि खाली पाणी साठवणारी ताटली नको. ऊन दिवसाचे निदान पाच-सहा तास. युरियाचा मोह टाळा. पानं माजतात, फुलं रुसतात.

हिवाळ्यात पानं झडली की लोक घाबरतात आणि बादलीनं पाणी ओततात. तसं करू नका. नखानं साल किंचित खरवडा: आत हिरवं दिसलं, चीक आला, तर झाड जिवंत आहे, झोपलंय. बोटानं दाबून खोड मऊ, पचपचीत लागलं तर मात्र कूज आहे. चांगल्या भागापर्यंत कापा आणि तो तुकडा पुन्हा वाळवून लावा.

पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसते. तो तांबेरा. पडलेली पानं गोळा करून टाकून द्या, खतात घालू नका. झाड त्यानं मरत नाही.

छाटणी जपून करा. फूल येतं फांदीच्या टोकाला, आणि फुलून गेलं की तिथूनच दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. टोकं छाटलीत तर त्या वर्षीची फुलं गेली.

नर्सरीत जाणार असाल तर शेवटची सूचना. टोकदार पानांचा चाफा हिवाळ्यात बोडका होतो, गोल टोकाचा बहुधा हिरवा राहतो, वास दोघांनाही. नागाच्या फणीसारख्या पानांचा तिसरा एक मिळतो, तो भरभरून फुलतो, पण त्याला वास जवळजवळ नाहीच. मी तरी तो घेणार नाही. तुम्ही वास घेऊनच ठरवा. नमस्कार.