पावसात वेगळी चूल नको

नमस्कार मंडळी. श्रावण लागला, ऊन-पावसाचा खेळ सुरू आहे. आज बोलायचंय पोयाच्या माशीबद्दल. मुंगीएवढी, काळी मधमाशी, नांगी न मारणारी. फार चिडली तर केसांत घुसून चावते, एवढंच. चिऱ्याच्या भिंतीत नाहीतर मीटरच्या पेटीत घर करते आणि डिंकामेणाची नळी बाहेर काढून बसते. लहानपणी त्या नळीत काडी घातली नाही असा कोकणी माणूस मला दाखवा.

मे महिन्यात आपण आगोटीची बेगमी करतो. सुकी मासळी, आमसुलं, तिखट-मसाला. ही माशीही तेच करते. मोहोर आणि काजूच्या फुलांवर कमावून मेणाच्या बोराएवढ्या कुप्या भरते. मधाच्या वेगळ्या, परागाच्या वेगळ्या. कारण पुढे जून ते सप्टेंबर फुलातला मधुरस पावसानं धुऊन जातो आणि सरीत तिला उडताही येत नाही. आपण मात्र एप्रिलमध्ये मध काढायला बसलो की शेवटची कुपीही पिळतो. मग श्रावणात तिला पाळायची पेटी रिकामी.

तर पहिली गोष्ट. मध काढताना निम्म्या कुप्या तिच्यासाठी ठेवायच्या. आणि दुसरी, पावसात पेटी फोडून दोन करायची नाही. पुन्हा सांगतो, पावसात पेटी फोडायची नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, मी ते केलंय. माझ्याकडे एकच पेटी होती, पडवीच्या वाशाला टांगलेली. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि ऐन श्रावणात, दुपारी, स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बसलो. झाकण उचललं. आत पिल्लांचा घड, द्राक्षांसारखा, आणि कडेला मोजून दहा-बारा कुप्या. घड अर्धा कापला, नव्या पेटीत ठेवला. तीन कुप्या फुटल्या, मध फळीवर ओघळला. मी म्हटलं, चाटतील माश्या.

चाटला तो मुंग्यांनी. अर्ध्या तासात तांबडी रांग वाशावरून खाली. मी फडक्यानं पुसतोय, माश्या माझ्या भुवयांत घुसतायत, आणि आत्या दारात उभी. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, “अरे, ह्या पावसात माणूस सुदीक वेगळी चूल मांडणा नाय, आणि तू माश्यांका घराभायर काढलंस?”

नवी पेटी आठ दिवसांत गेली. उघडली तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. फुटलेल्या कुप्यांवर एक बारीक माशी अंडी घालते, तिच्या त्या. जुन्या पेटीच्या नळीच्या तोंडाशी एरवी पाच-सहा काळी तोंडं गोल करून पहारा देत असतात, तिथे एकच उरलं होतं. या माशीच्या अंड्यातून माशी व्हायला जवळजवळ दीड महिना लागतो, म्हणजे गेलेलं मनुष्यबळ... माशीबळ म्हणा, लगेच भरून येत नाही.

मग आत्यानंच सूत्रं हातात घेतली. साखर आणि पाणी समसमान, उकळून थंड केलेलं. पहिल्या दिवशी करवंटीत भरून बाहेर ठेवलं, तर पुन्हा मुंग्या. दुसऱ्या दिवशी तिनं औषधाच्या बाटलीचं टोपण घेतलं, पाक ओतला, वर केरसुणीच्या हिराचे तुकडे आडवे टाकले, माशी बुडू नये म्हणून. संध्याकाळी पेटीच्या आत ठेवलं. सकाळी टोपण कोरडं, हीरसुद्धा चाटून पुसून! चार दिवसांआड एक टोपण, उरलं तर आंबायच्या आत बाहेर. पेटीच्या तारेला ग्रीस. वसूबारसेपर्यंत नळीवर पुन्हा चार तोंडं दिसायला लागली.

पाक म्हणजे निव्वळ साखर, हे लक्षात ठेवा. पिल्लांना पराग लागतो, तो टोपणात मिळत नाही. ही माशी फार तर तीन-चारशे मीटर उडते, म्हणजे तुमचं अंगण हेच तिचं शेत. पावसात माडाची पोय, म्हणजे फुलोरा, काकडी-पडवळाचा मांडव, लाजाळू, यांवर ती तग धरते. आणि आपण अंगणात पेव्हर ब्लॉक घालतो. चिखल होतो म्हणे. अहो, अंगणात चिखल व्हायचाच! वर दाराला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण. असो, विषय तो नाही.

पेटी वाढवायची ती माघात, मोहोर आल्यावर. या माशीत म्हातारी राणी पोट सुटून उडायची राहिलेली असते. घर सोडते ती लेक, आणि माहेरच्या माश्या कितीतरी दिवस नव्या घरी मेण आणि शिधा पोचवत राहतात. आपणही तेच करायचं. घडातली फिक्या रंगाची, म्हणजे फुटायला आलेली पिल्लं निवडायची, कडेला राणीचं मोठं घर दिसलं तर तेही, आणि न फुटलेल्या चार-पाच कुप्या. ते नव्या पेटीत घालून ती जुन्या पेटीच्या जागी टांगायची, जुनी दूर न्यायची. रानातून परतणाऱ्या माश्या मग नव्या पेटीत शिरतात.

मी त्या माघात असंच केलं. माश्या परत आल्या आणि नव्या पेटीसमोर हवेतच थबकल्या. पंधरा मिनिटं कुणी आत जाईना. मग एक शिरली, मागून दहा. आत्या पायरीवर सुपारी कातरत होती. “शिधा दिलंस मा?” एवढंच विचारलं तिनं.

काजूवरच्या फवारणीबद्दल बोलायचं राहूनच गेलं, वेळ संपली. ते पुढच्या मंगळवारी. नमस्कार.