अडवलेलं पाणी, अडलेलं रान

[ड्रोन दृश्य: नृसिंहवाडीचा संगम, मग शिवार]

नृसिंहवाडी. इथं पंचगंगा कृष्णेला मिळते. वारणा वरच्या अंगाला हरिपूरजवळ मिळून आलेली असते, दूधगंगा पुढं खाली मिळते. चार नद्यांचा हा कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. उंचावरून पाहिलं तर नजर पोचेल तिथवर ऊस, आणि त्या उसात मध्येच हे पांढरे पट्टे.

[जवळून: बोटांत चुरलेली माती]

वर पांढरी पापडी, खाली काळी चिकण माती. पाय टाकला की पायताण रुतून बसतं. गावात म्हणतात, रानाला मीठ फुटलंय. सरकारी कागदावर हीच जमीन क्षारपड. सोडियम जास्त झाला आणि सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या वर गेला की ती चोपण होते. लव्हाळा हे तण तेवढं जोमानं येतं.

हे मीठ बाहेरून कुणी आणून टाकलेलं नाही. राधानगरी धरण शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं. पुढं नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले, नदीचं पाणी उचलून रानात देणाऱ्या उपसा संस्था आल्या, आणि नदीकाठचं रान बारमाही भिजू लागलं. त्यातून सुबत्ता आली हे खरंच आहे. पण काळ्या खोल जमिनीतून पाणी लवकर उतरत नाही. मोकाट पाणी देत गेलं की जमिनीखालची पातळी वर येते. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं, उन्हात उडून जातं, आणि क्षार तिथंच राहतात. त्यात ओढे बुजले, बांध रुंदावले, पुराचा गाळ चरांत बसला. पाण्याला जायला वाटच उरली नाही.

[दृश्य: ग्रामपंचायतीची भिंत, योजनांचे रंगवलेले फलक]

आता या भिंतीवरचे फलक वाचा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा.’ 2014 साली सुरू झालेलं जलयुक्त शिवार असो की पाणलोट विकास, सगळा निधी पाणी थांबवण्यासाठी. माण-खटावसारख्या दुष्काळी भागाला ते योग्यच आहे. शिरोळला जिरलेलं पाणी बाहेर काढायचं आहे, आणि त्यासाठी पैसा मागायला गेलं की अडचण सुरू होते.

वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला येतो, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, 2021 ते 2026, त्यातला 60 टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला. रोजगार हमीत मजुरी 60 आणि साहित्य 40 हे प्रमाण सांभाळावं लागतं. गाळानं भरलेला चर त्यातून निघेल, पण पाईप आणि पोकलेनचा खर्च त्यात कसा बसवणार? राहिली राष्ट्रीय कृषी विकास योजना, 2007 पासूनची, केंद्र 60 आणि राज्य 40. समस्याग्रस्त जमिनी सुधारण्याचं काम तीत बसतं. दार आहे, पण आत जाताना सातबारा एकेकाचा मागतात. खालचं पाणी गट नंबर बघून थांबत नाही.

[दृश्य: पोकलेन चर खोदतंय]

म्हणून जमिनीखालचं पाणी नळीनं बाहेर काढायचं हे काम नीट पाहण्यासारखं आहे. आधी मातीचे नमुने, मग शिवाराची लेव्हल. उतार कुठं, ओढा कुठं, हे ठरल्याशिवाय एक पाईप टाकायचा नाही. सुरुवात खालून होते: ओढ्यापर्यंतचा मुख्य चर आधी मोकळा करायचा, आणि मगच वर सरकायचं. पुष्कळांनी उलटं केलं. आपल्या रानात पाईप पुरले, तोंड शेजाऱ्याच्या बांधाशी सोडलं. पुढची भांडणं सांगायला नकोत.

[जवळून: पिवळा पाईप, त्यावरची जाळी]

हा सच्छिद्र पाईप. अंगाला वळ्या, वळ्यांत बारीक भोकं, आणि भोवती गाळणीचं कापड, म्हणजे पाणी आत येतं आणि माती बाहेर राहते. साधारण कमरेएवढ्या किंवा त्याहून थोड्या जास्त खोलीवर तो बसतो. उतार इतका कमी ठेवायचा की डोळ्यांना दिसतच नाही. हे दोघे बघा, लेसर लावून बोटभर माती काढतायत, परत टाकतायत. या बारक्या नळ्या मोठ्या नळीला जोडायच्या, जोडावर चेंबर, आणि मोठी नळी चरात. क्षारपड असेल तर पुढचं काम पाऊस आणि गोडं पाणी करतं, क्षार धुऊन नळीत उतरतात. चोपण असेल तर आधी जिप्सम, मग धैंचा हे हिरवळीचं पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडायचं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं या जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलंय. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं गावोगावचे शेतकरी एकत्र आणले. शेतकऱ्यांनी कर्ज काढलं, सातबाऱ्यावर बोजा चढवून घेतला.

म्हणजे ज्याच्या रानात पीकच नव्हतं, त्यानं आधी पैसे घातले.

[दृश्य: बांधावर कागद, अंगठे आणि सह्या]

आणि ही सगळ्यात लांबलेली पायरी. एका चरावर जितकी खाती, तितक्या संमती. कुणी पुण्यात, कुणाचं वारसपत्र अडकलेलं, कुणाची सामाईक जमीन. काम करायला हंगाम केवढा? ऊस तुटल्यापासून वळीव पडेपर्यंत. निधीचं वर्ष मात्र मार्चला संपतं. मंजुरी फेब्रुवारीत आली तर रानात ऊस उभा असतो, नाहीतर ट्रॉल्यांनी वाट अडवलेली.

[दृश्य: नळीच्या तोंडातून पडणारं पाणी, मग उगवलेली लावण]

नळीतून पडणारं हे पाणी खारं आहे. ते चरातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीला जातं, खालच्या गावांनी त्याचाही हिशेब मागायला हवा. वरच्या रानात उसाची लावण उगवली आहे, काही ठिकाणी पहिलं पीक निघालंय.

[दृश्य: ग्रामसभा]

गावाची मागणी साधी आहे. रानातल्या नळीला शेतकरी आपला वाटा घालेल, मुख्य चर मात्र सरकारनं करून द्यावा, तोही संपूर्ण शिवाराचा एकच प्रस्ताव धरून. रस्ता करताना कुणी प्रत्येक खातेदाराकडून अर्ज भरून घेत नाही. ठराव झाला आहे. त्याला शिवाराचा नकाशा आणि लेव्हलचे आकडे जोडून तो तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं जाईल, ऊस तुटायच्या आत.