घरी न्यायचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. त्यातली शेवटची बारा मेडिसिनच्या वॉर्डात. पेशंटला घरी सोडायचं हे सकाळच्या राउंडलाच ठरतं. पण इन्शुरन्सची मंजुरी यायला दुपारचे चार वाजतात, बिल व्हायला सहा. डिस्चार्ज कार्ड हातात पडतं तेव्हा मुलगा खाली रिक्षा थांबवून आलेला असतो, आणि स्वारगेटची एसटी चुकणार म्हणून सुनेचा जीव वरखाली होत असतो. अशा वेळी मी तीन पानी इंग्रजी कागद उघडून सांगायची, “हे बघा, बीडी म्हणजे दोन वेळा, एचएस म्हणजे झोपताना.” ती माणसं म्हणायची, “हो सिस्टर, हो सिस्टर.” तो होकार म्हणजे ‘कळलं’ नव्हे, ‘आता जाऊ द्या’. हे मला फार उशिरा उमगलं.

उमगलं ते मुळशीकडच्या एका आजींमुळे. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, पायांवर सूज, आडवं पडलं की धाप लागायची. नऊ दिवसांत सूज उतरली, आजी स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेल्या. कार्डावर लिहिलं होतं: सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट, फ्लुइड १.२ लिटर पर डे, डेली वेट. त्यात चूक काहीच नव्हती. अठराव्या दिवशी आजी परत आल्या, पाय तसेच सुजलेले. घरच्यांनी हयगय केली असणार, असं माझ्या मनात आलं. त्याची मला आजही लाज वाटते. कारण सून म्हणाली, “मीठ बंदच केलंय की सिस्टर, सैंधवच घालतोय.” लोणचं-पापड चालूच होते, कारण ते मीठ नव्हे, तोंडी लावणं. पाणी अगदी मोजून देत होते, पण चहा, ताक, पेज, आमटी यांना पाणी कोण म्हणतं? आणि रोज वजन करायला गावात काटा होता तो रेशनच्या दुकानात.

त्या वेळी आजींना घरी सोडताना आमच्या डॉक्टर मॅडमनी आणि मी मिळून एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं. “दिवसभराचं पाणी म्हणजे एक लिटरची एक बाटली आणि वर एक पेला. सकाळीच भरून ठेवा. चहा प्यायलात की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. ताकाचं, आमटीचं तसंच. सैंधव आणि काळं मीठ हेही मीठच. लोणचं, पापड, फरसाण नको. उठल्यावर लघवीला जाऊन आलात की वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, झोपायला जास्तीची उशी लागायला लागली, चपलेचा पट्टा रुतायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता या.” खाली वॉर्डचा फोन नंबर. हे आकडे त्या आजींचे आहेत बरं का. तुमच्या घरी कुणाला असा त्रास असेल तर त्यांचे आकडे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

त्यांच्या मुलानं काटा विकत घेतला. पुढे आजी तारखेला येत राहिल्या, वहीसकट.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. आपल्याकडे एकच औषध कितीतरी कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. एका काकांना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आधीपासून चालू होतं. रुग्णालयात तेच औषध दुसऱ्या नावानं लिहिलं गेलं. काका शिस्तीचे, घरच्या डबीतली जुनी गोळी आणि पिशवीतली नवी, दोन्ही घेत राहिले. आठवड्यानं चक्कर येऊन न्हाणीघरात पडले. कार्डावर नव्या औषधांची यादी होती. जुनं बंद करा, ही ओळ कुठेच नव्हती. म्हणून मी म्हणते, औषधांचे तीन कप्पे हवेत: नवीन, पहिल्यासारखं चालू, आणि बंद. तिसरा कप्पा रिकामा असला तरी तो छापलेला हवा, म्हणजे लिहिणाऱ्याला तो भरावासा वाटेल.

इंग्रजी कार्ड काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. ते पुढच्या डॉक्टरांना लागतं, इन्शुरन्सला लागतं, कधी कोर्टातही लागतं. ‘एलएडीला स्टेंट’, म्हणजे हृदयाच्या एका रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, हे त्यांना तसंच कळायला हवं. पण त्या कार्डाला आणखी एक वाचक आहे, आणि गोळी गिळायची ती त्यालाच. त्याच्यासाठी शेवटचं एक पान वेगळं हवं. ब्रिटनमध्ये तिथल्या मेडिकल रॉयल कॉलेजांच्या अकादमीनं २०१८ मध्ये डॉक्टरांना सांगितलं, की ओपीडीत तपासल्यानंतरचं पत्र थेट पेशंटलाच लिहा आणि त्याच्या फॅमिली डॉक्टरला प्रत पाठवा; ‘बीडी’ऐवजी सरळ ‘दिवसातून दोनदा’ लिहा. आपल्याकडेही त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं रुग्ण हक्कांची सनद तयार केली. पेशंटला त्याला समजेल अशा पातळीवर, त्याच्या भाषेत माहिती मिळावी, असं तिच्यात म्हटलं आहे. डिस्चार्ज समरी मिळणं हाही तिच्यात हक्कच आहे.

मराठीत लिहायचं म्हणजे मात्र कशाही मराठीत नाही. ‘द्रवपदार्थांचे सेवन मर्यादित ठेवावे’ हे आजींना इंग्रजीइतकंच परकं आहे. ‘हृदयविफलता’ लिहिलं तर घरात रडारड होईल; ‘पंपिंग कमी झालंय’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. शुगर, बीपी, टाके, सलाईन हे शब्द आता आपलेच आहेत. ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ वाचून काहीतरी वाईट निघालं असं समजून रात्रभर जागलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथं ‘टीबी नाही’ एवढंच लिहावं. सहावीतल्या नातवानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ते चुलीपाशी बसलेल्या आजीला कळलं, तर ते पान जमलं.

रेसिडेंट डॉक्टरांना वेळ कुठे आहे, असं मला विचारतात. खरंच नसतो. रात्रभर जागलेलं ते पोर सकाळी दहा समऱ्या टाइप करत असतं. पण वॉर्डात येणारे आजार पुष्कळसे तेच ते असतात. पंपिंगचं, दम्याचं, शुगरचं पान एकदा नीट बसून तयार केलं, तर रोज फक्त आकडे, गोळ्या आणि तारीख हातानं भरायची. आमच्या वॉर्डात अशी सात पानं तयार व्हायला एक पावसाळा लागला. त्यातलं दम्याचं पान तर चार वेळा बदललं, कारण दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, कसा ओढायचा हे लिहून सांगणं भलतंच अवघड निघालं. शेवटी आम्ही लिहिलं, “पंप सोबत आणा, सिस्टरसमोर ओढून दाखवा.”

आणि समजावताना मी “कळलं का?” हा प्रश्नच सोडून दिला. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारायची, “घरी गेल्यावर जाऊबाईंना काय सांगाल?” मग खरं काय पोचलंय ते बाहेर यायचं.

उद्या तुमच्या घरचं कुणी दवाखान्यातून सुटणार असेल, तर बिलाच्या काउंटरची वाट बघू नका. सकाळच्या राउंडनंतरच सिस्टरांना गाठा. घरातल्या जुन्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या, त्यांच्यासमोर पलंगावर रिकामी करा, आणि यातली कुठली चालू, कुठली बंद, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सिस्टर घाईत असतील. तरी तिथंच थांबा.

नमस्कार.